तेहतीस की पस्तीस

८ जून
आजपासून रोज चार ओळी लिहायच्या. मार्लिस, माझी बायको, गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. तसं मला फार बोलायला लागत नाही.
तिचा पिकअप अंगणात उभा आहे. आजारी पडण्याआधी तिने तो चार इंच उंच करून घेतला होता. मोठे टायर घालायचे तेवढे राहिले. आता तो धिप्पाड माणसाने आखूड विजार घातल्यासारखा दिसतो. तिची इच्छा साधी होती: आपल्याच ट्रकमधून कोयोट रिज या डोंगरकड्यावरच्या शिकारीच्या तळावर न्यायचं आणि राख तिथे उधळायची. बर्फ पडला की तो रस्ता बंद होतो. म्हणजे भरपूर वेळ आहे.
योजना: या आठवड्यात टायर, शनिवारी रिज. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. टायर निवडायला कितीसा वेळ लागणार?

११ जून
ओरिनच्या टायरच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, तेहतीस इंची की पस्तीस? मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, दोन इंच.
विचार करून सांगतो म्हटलं. घाईने घेतलेला निर्णय मार्लिसला आवडला नसता. (लग्नाचा निर्णय तिने पेट्रोल पंपावर घेतला होता, पण ती गोष्ट वेगळी.)
लवर्नाला, म्हणजे मेहुणीला, फोन करून शनिवार पुढे ढकलल्याचं कळवलं. ती म्हणाली, हार्लन, आहेत त्या टायरना काय धाड भरलीय? त्याच टायरवर ती दर वर्षी एल्क हरण मारून आणायची. मी तांत्रिक बाजू समजावली. ती फक्त ‘हं’ म्हणाली.

२० जून
ट्रकखाली शिरून मापं घेतली. आलेख काढला. पस्तीस घातले तर उजवीकडे पूर्ण वळवताना टायर चाकावरच्या आतल्या प्लॅस्टिकला घासणार. थोडं कापावं लागेल. कापणार नाही. ते ती स्वतः पुसायची.
निर्णय: तेहतीस. पक्का.

३ जुलै
सकाळच्या कॉफीला हॉटेलात विषय निघाला. मी काढला नव्हता. खिडकीकडचं टेबल पस्तीसच्या बाजूने, गल्ल्याकडचं तेहतीसच्या. शेवटी वेट्रेस म्हणाली, सदतीस घाला आणि सोबत शिडी घ्या, पण आता टेबल मोकळं करा.
पुन्हा विचार करावा लागणार.

२२ जुलै
तेहतीस बसवले. घरी आणून लांबून पाहिले. विजार अजून आखूडच.

२४ जुलै
तेहतीस परत केले. ओरिनने कुरकुर न करता घेतले. म्हणाला, यांना मातीचं तोंडसुद्धा दिसलेलं नाही, नवे म्हणून खपतील. पस्तीस मागवलेत. याला दिरंगाई म्हणत नाहीत, प्रयोग म्हणतात.

१६ ऑगस्ट
लवर्ना आपल्या छोट्याशा गाडीतून हकलबेरीची रानफळं तोडायला रिजवर जाऊन आली. मला जॅमची बरणी दिली. म्हणाली, रस्ता ठणठणीत कोरडा आहे, वाटेत एक आजी पोराची बाबागाडी ढकलत चालली होती. मी म्हटलं, बाबागाडीचं गणित वेगळं असतं.
जॅम चांगला आहे.

२९ ऑगस्ट
पस्तीस बसले. दिसायला उत्तम. राख ठेवलेला काडतुसांचा डबा (तिनेच निवडला होता) शेजारच्या सीटवर ठेवून फेरी मारली. डबा घरंगळू नये म्हणून पट्टा लावला.
एक गोष्ट जाणवली. गावातले लोक हल्ली फार सावकाश गाडी चालवतात. माझ्या दुःखाचा मान ठेवत असणार. लोक वाटतात त्यापेक्षा चांगले असतात.

२ सप्टेंबर
हायवेवर पोलिस डेप्युटी कोल्बीने अडवलं. नववीत माझ्याकडे होता. मी म्हटलं, काटा पंचावन्नवर होता. तो म्हणाला, बासष्टने चालला होता, सर. मग अदबीने विचारलं, चाकाचा व्यास वाढला की परीघ वाढतो ना, सर? मग जुना काटा वेग कमीच दाखवणार. सीटवरच्या डब्याकडे पाहून त्याने टोपी काढली आणि मला नुसतं बजावून सोडलं.
मुलाचा पाया पक्का झाला होता. शिकवल्याचं चीज झालं.

१३ सप्टेंबर
नवी अडचण. लवर्नाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला एवढ्या उंच चढता येणार नाही. पायरी मागवली. यायला महिना लागेल. नाइलाज आहे.

१४ सप्टेंबर
लवर्ना स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली, चढली, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, चल. मी सांगितलं, उजवीकडे वळताना टायर घासतो. घाटात उजवी वळणं आहेत. तिने विचारलं, कापून का घेत नाहीस? मी किल्ली फिरवली. मग डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे असं करत तिला घरी सोडलं.

२५ ऑक्टोबर
शिकारीचा मोसम सुरू झाला. वर गर्दी असेल. मार्लिसला शांतता मिळायला हवी. लवर्ना म्हणाली, कोणाला? आख्ख्या तळाला बीन्स रांधून घालणाऱ्या बाईला? फोन तिने ठेवला, मी नाही.

१९ नोव्हेंबर
ओरिनने प्लॅस्टिक कापलं. कॉफी निवायच्या आत झालं. कापलेला तुकडा मी मागून घेतला.
शनिवार ठरला. या वेळी नक्की.

२१ नोव्हेंबर
लवर्ना, मी आणि मधे डबा. गुरुवारपासून बर्फ पडत होता. टायर एकदाही घसरले नाहीत. उजवी वळणंही छान घेतली. रिजच्या फाट्यावर पोचलो, तर वनखात्याचं फाटक बंद. कुलूप, पाटी: मे महिन्यापर्यंत रस्ता बंद.
मी म्हटलं, वाईट झालं. लवर्ना म्हणाली, निदान तोंड तरी पाडून बोल.
मी हीटर वाढवला. मग ती म्हणाली, मलाही तिला सोडवत नाही रे, पण मी टायरवर खापर फोडत नाही. मी म्हटलं, टायरबद्दल माझी काही तक्रार नाही, टायर उत्तम आहेत. मे महिन्यात फाटक उघडलं की त्याच दिवशी येऊ.
ती म्हणाली, येशीलच. आता टायर घेऊन झाले, कापून झालं, पायरीसुद्धा आली. मे महिन्यात काय सांगणार आहेस?
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.