रतनची सोबत

१६ ऑगस्ट १९८५, शुक्रवार
कोलाडला पोचलो. मुलुंडहून टेम्पोत कयाक बांधल्या, वाटेत दोनदा भजी झाली. झकास सुरुवात. या एकट्यानं बसायच्या निमुळत्या होड्या आमच्या फायबरच्या कारखान्यातच फावल्या वेळात होतात. मला तिथं लागून महिना झाला. माझ्याच खात्यातल्या गुणाजीनं या मंडळीत ओढलं. बाकी दोघं म्हणजे पॅकिंगमधली शकु आणि म्होरके भाऊराव. जेवण, होडी, सगळं फुकट. मी माल तपासणारा माणूस, फुकट म्हटलं की आधी तडा शोधतो.

धाकटा नंदू मागे लागला होता. आईबाप गेल्यापासून तो माझ्याच भरवशावर आहे, आणि पोहता येत नाही. घरी ठेवला. गुणाजी म्हणाला, पुढच्या खेपेला आण की त्याला. एवढी कसली घाई याला?

१७ ऑगस्ट, शनिवार
नदी पार करून पलीकडे तंबू ठोकले. टेम्पो रस्त्याच्या बाजूला राहिला. पिवळी होडी सगळ्यात चांगली, पण तिघांनाही ती नको. ती मलाच दिली.

फेसाळत्या धारेत उलटलो. पाण्याखाली कुणीतरी मला वर ढकललं. वर आलो तर तिघं काठावर, कोरडे. मी वाचल्याचा आनंद कुणालाच झाला नाही, याचा राग आला.

दुपारी शकुला गाठलं. होडी भाऊरावांच्या पुतण्याची, रतनची. गेल्या वर्षी तो याच धारेत बुडाला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू, बहिणीचं लग्न लावू, सगळं बोलून झालं. शेवटी भाऊराव म्हणाले, रतन, तुला एकटा ठेवत नाही, सोबत देतो. कावळा लगेच उतरला.

मग दिली का सोबत, मी विचारलं. ती म्हणाली, "आम्ही तिघंही बसलोय रे त्या होडीत." कसे सुटलात म्हटलं, तर उठूनच गेली.

१८ ऑगस्ट, सकाळ
मी पुन्हा बसणार नाही, असं काल सांगितलं. कुणी हट्ट केला नाही. तेच खटकलं.

आत्ता उठलो. तंबू नाहीत. तिघं पलीकडे टेम्पोपाशी उभे. माझ्याकडे फक्त पिवळी होडी. मागे रान, पुढे पाणी. हाका मारतोय, भाऊराव पाठ फिरवून—

१८ ऑगस्ट, घरी
मधोमध उलटलो. या वेळी ढकललं नाही. धरून ठेवलं.
श्वास संपला तेव्हा कळलं त्याला काय हवंय. मनात म्हणालो, सोड, दुसरा देतो. पकड सैल होईना. नाव हवं होतं.
या शहरात माझं दुसरं आहे कोण?
सुटलो. टेम्पोत गुणाजी रडत होता. त्यानं माझं नाव दिलं होतं.

२१ ऑगस्ट
नंदूला सगळं सांगायला बसलो. तोंड उघडलं की पाणी. गढूळ, थंड. पाटभर सांडलं. चिठ्ठी लिहून दिली, तर त्याच्या हातात शाईच पसरली.
त्याला वाटतं मला बाधलंय काहीतरी. कपाळ चेपत बसला. माझा गुणी भाऊ.

२४ ऑगस्ट
गुणाजी खाली आलाय. नंदूनं पिशवी भरली.
दार लावून पाठ टेकून बसलोय. बोलता येत नाही, निदान अडवता तरी—
नंदू हसतोय. म्हणतो, सरक ना रे दादा.
उजव्या हातानं लिहितोय. डावा कडीकडे गेला. मी नाही हलवत तो. मी नाही, नंदू, मी—