पान नऊवरची फुली

४ जून

ती. दादास, धाकटीचा सा. न.

नव्या कामगारांना तू शिव्या घालून शिकवतोस, म्हणून तुझ्या साहेबांनी पत्रा दाबायच्या प्रेस-शॉपची पुस्तिका माझ्याकडून करून घेतली. निम्म्यांना वाचता येत नाही, तेव्हा सोळाही पानं चित्रांची. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, हे पान आठवर. पान नऊवर चुकीची पद्धत: एक बटण चिकटपट्टीने दाबलेलं, दुसऱ्यावर एक हात, मोकळा हात वरून येणाऱ्या डायखाली, साच्याखाली. वर फुली. गडद फुलीने चित्राचा विचका होत होता, म्हणून फिकट गुलाबी घेतली. आता तरी तोंड आवर.

लोभ आहेच, तो वापरत जा.
छोटी

२१ जून

चि. छोटीस, अनेक आशीर्वाद.

माझे दोन दात गेलेत, पण लिहायला दात लागत नाहीत.

ऑफिसने तुझ्या पुस्तिकेच्या चाळीस झेरॉक्स काढल्या. सगळ्यात मन लावून शिकला तो आमचा ड्रायव्हर. चाळिशीचा, पूर्वी ट्रक चालवायचा म्हणून हे नाव, अक्षरओळख नाही. काल सकाळी त्याने पान नऊ समोर ठेवलं, तस्संच बटण चिकटवलं, उजवा हात आत घातला आणि डाव्याने दुसरं बटण दाबलं. तीन बोटं. दोन मी पत्र्यावरून खरवडून काढली, तिसऱ्याचं काही उरलं नव्हतं. भिंतीवरच्या सुरक्षेच्या पाटीवर रक्त उडालं. आता ती लोक वाचतात. तो रडला नाही. पुस्तकात होतं तसंच केलं, एवढंच घोकत होता. दुपारी त्याच्या मेहुण्याने लोखंडी पाना माझ्या तोंडावर हाणला. कारण बरोबर होतं, माणूस चुकला.

झेरॉक्समध्ये तुझी फुली उमटलेलीच नाही. पुस्तिका स्पष्ट होती आणि कामगाराने दुर्लक्ष केलं, अशा मजकुरावर तुझी सही साहेबांना हवी आहे. ती आली की ड्रायव्हरला काढणार.

तुझा, सूप पिणारा दादा

२६ जून

ती. दादास सा. न.

दोन दिवस मी झेरॉक्स मशीनला दोष दिला. मग पुस्तिका उघडली. चुकीच्या पद्धतीला मी अख्खं पान दिलंय, छायाबियासकट. बरोबर पद्धत पान आठवर अंगठ्याएवढी, कोपऱ्यात. न वाचणाऱ्या एकाही माणसाला आधी समोर बसवून, काय दिसतंय रे बाबा, असं विचारलं नाही. त्याने मी शिकवलं तेच केलं. साहेबांना तसंच लिहून कळवलंय, नक्कल कारखाना-निरीक्षकांना. नवी चित्रं काढते आहे. ड्रायव्हर ती बघेल का, विचारशील?

तुझी, छोटी

५ जुलै

चि. छोटीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून साहेबांनी पेपरवेट माझ्या डोक्यावर फेकला. मी वाकलो, मागची काच गेली. पण निरीक्षक त्याच दिवशी टपकले. ड्रायव्हर कामावर राहिला. तुला मात्र गेटच्या आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे. तेव्हा थेट त्याच्या घरी जा.

तो चित्रं बघेल म्हणाला. पण आधी तुला एक थोबाडीत देणार, डाव्या हाताने. ते झालं की चहा आणि चित्रं. मोठा भाऊ म्हणून मी चिडायला हवं होतं. मी त्याला सोमवार सांगितला.

दादा

७ जुलै

ती. दादास सा. न.

सोमवारी पोचते. चष्मा आधीच काढून ठेवीन.

छोटी