उरलेल्या गोळ्यांची सहकारी संस्था

४ फेब्रुवारी २०१३, अंबाजोगाई
हॉस्टेलवर सहकारी औषध संस्था स्थापन. चेअरमन अर्थातच मी. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, अँटिबायोटिकच्या टेस्टमध्ये वर्गात पहिला. टँकरच्या पाण्याने रोज कोणीतरी आजारी. नियम एकच: बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या, उरलेल्या संस्थेत जमा. दुष्काळात भांडी घासलेलं पाणीसुद्धा कोणी फेकत नाही, मग औषध का वाया घालवायचं? वडील घाटनांदूरला सोसायटीचे संचालक. सहकार आमच्या रक्तातच आहे.

९ फेब्रुवारी
सभासद भराभर वाढतायत. शेजारच्या खोलीतल्या सिदूचं नाक दोन कॅप्सूलमध्ये मोकळं झालं. साधी सर्दीच होती, पण रिझल्ट महत्त्वाचा.

१४ फेब्रुवारी
रूम पार्टनर गहिनीनाथला टायफॉइड. आई-वडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे, म्हणजे जबाबदारी माझीच. डॉक्टरने भलामोठा कोर्स दिलाय. जरा जास्तच वाटतो.

१८ फेब्रुवारी
ताप उतरला. नियमाप्रमाणे उरलेल्या गोळ्या मागितल्या. "डॉक्टरनं समद्या खायला सांगितल्यात बे," म्हणाला. मी समजावलं: जंतू मेल्यावर गोळ्या खाणं म्हणजे निवडून आल्यावर प्रचार करत फिरणं. शेवटी दिल्या. वर्गात पहिला आलेल्याचं ऐकावंच लागतं.

४ मार्च
गहिनीनाथला परत ताप. त्याच्या गोळ्या वाटपात गेल्या होत्या, दुसऱ्या दिल्या. रंग वेगळा, पण अँटिबायोटिकच. उद्या दवाखान्यात नेतो.

७ मार्च
नेलं नाही. प्रॅक्टिकल होतं. डोस वाढवलाय. तो रात्रभर कण्हत असतो. मला आता त्याचं काही वाटत नाही. सवय झाली असेल.

१० मार्च
सकाळी त्याचं पोट फुगून दगडासारखं झालं. सरकारी दवाखान्यात नेलं. आतड्याला भोक पडलंय, लगेच ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोर्स अर्धवट कोणी सोडायला लावला? संस्थेचा ठराव होता, असं सांगितलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. शहरात शिकलेल्यांना सहकार कळत नाही.

१७ मार्च
गहिनीनाथ वाचला. परीक्षा गेली, वर्ष गेलं. त्याची आई बायनाबाई ऊसतोड सोडून आल्यात. हातभर पाचटाचे ओरखडे. गोळ्या मी दिल्या एवढंच पोराने त्यांना सांगितलंय; कोर्स कोणी थांबवला ते नाही. त्यांनी माझा हात धरला.

"आमी तिकडं लांब. तूच बघितलंस माज्या लेकराकडं. लई उपकार झाले बाबा."

मग म्हणाल्या, "तिकडं उसाच्या फडात, कोपीवर झोपडीत धाकटी तापानं पडलीय. तितं दवाखाना न्हाई. ह्याला दिल्त्यास तसल्या गोळ्या दे की. जाताना नेते."

गहिनीनाथने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी नाही म्हणणार होतो. पण मग का नाही, तेही सांगावं लागलं असतं.

आणतो म्हणालो.