तेफळांचे शुद्धलेखन

डिचोली, २ जानेवारी २००५, रविवार

आज माशांच्या आमटीत कोकमाची सोले नव्हती. कपाटात मात्र हिंगाच्या तीन डब्या. गोवा घटक राज्य होऊन इतकी वर्षे झाली, तरी एका सुशिक्षित घरावर ही पाळी यावी, याची नोंद कुठेतरी राहायला हवी. म्हणून ही रोजनिशी.

पत्नी मालतीला विचारले, सोले का नाहीत? म्हणाली, सरली. मग हिंग तीनदा का? म्हणाली, तिन्ही वेळा बाजारात तुम्हीच गेला होता. बायकांना मुद्दा व्यक्तीवर नेण्याची सवय असते. दोष पद्धतीचा आहे.

संकल्प पहिला: स्वयंपाकघराचे संगणकीकरण. संकल्प दुसरा: रोजनिशी शुद्ध मराठीत. या घरात सगळे हुमण म्हणतात. मी आमटी म्हणतो. कोणीतरी म्हटलेच पाहिजे.

८ जानेवारी

कॉम्प्युटर आला. पाळी गावातल्या एका खाणीच्या ऑफिसातून जुना माल काढत होते. मालतीच्या मिक्सरपेक्षा स्वस्त पडला. हे तिला दोनदा सांगितले.

चालू करताच आतल्या पंख्याने खनिजाची लाल धूळ बाहेर फेकली, ती थेट खवलेल्या नारळावर. मालती म्हणाली, आता खनिजाबरोबर हा नारळसुद्धा बोटीत घालून जपानला पाठवा.

१० जानेवारी

फळीवरची मिठातल्या आंब्यांची भरणी खाली उतरवून यंत्र बसवले. प्लग एकच. मिक्सर चालेल किंवा कॉम्प्युटर. वेळापत्रक करून भिंतीला लावले. मालतीने त्यावर कॅलेंडर लावले.

पोदेराकडचे पाव ती मॉनिटरवर ठेवते. ऊब लागते म्हणे. यंत्राचा हा अपमान आहे, असे मी स्पष्ट सांगितले. पाव छान मऊ राहतात.

१५ जानेवारी

पाककृती भरायला सुरुवात. मालती रांधता रांधता कोकणीत सांगते, मी जागच्या जागी शुद्ध करून टाइप करतो. आज बांगडे. म्हणाली, 'धा तेफळां ठेंचून घाल.' तेफळां म्हणजे ती काळपट वाळकी फळे, जी मी गेली पंचवीस वर्षे ताटाच्या कडेला काढून ठेवतो. शब्द उघडच अपभ्रष्ट. मूळ रूप त्रिफळा. दुरुस्त केले.

इतका वेळ कसला लागतो, असे तिने विचारले. शुद्धलेखनाला, म्हटले. म्हणाली, 'तुमी बरयात, हांव रांदतां.' लिहिणे माझे, रांधणे तिचे: कामाची वाटणी तिलाही पटलेली दिसते.

'क'ची कळ दाबली की वर उठत नाही. खाली बांगड्याचा खवला अडकलाय. त्यामुळे यंत्रावर कोकणी हा शब्द लिहिता येत नाही. मुद्दाम दुरुस्त करून घ्यावे, इतकी घाई नाही.

२१ जानेवारी

मोठी बातमी. आमच्या मराठी संवर्धन मंडळाच्या डिचोली शाखेचा अध्यक्ष ठरवायला पेडण्याहून कृष्णनाथबाब आणि आणखी दोन सभासद येणार. ३० तारखेला, जेवायला माझ्याकडे. स्पर्धेत मी आणि रामचंद्र मास्तर. मास्तरांच्या घरात उघडपणे हुमण म्हणतात.

अडचण एकच. मालती त्याच दिवसांत नार्व्याला, भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. तिने सुचवले, खाणावळीतून मागवा. मी यंत्राकडे बोट दाखवले.  मग तिने पैज लावली. यंत्राच्या जोरावर मी पाहुण्यांना नीट जेवू घातले, तर ती जन्मभर आमटी म्हणेल. नाही जमले, तर मी आदोळीवर बसून एक नारळ खवून द्यायचा. (आदोळी म्हणजे खवणी. तिचा शब्द, पैजेपुरता.)

दया आली तिची.

२९ जानेवारी

मालती काल गेली. पडद्यावरून यादी उतरवून घेतली. किराणावाला सगुण म्हणाला, त्रिफळा माझ्याकडे नाही भाटकार (म्हणजे मालक), औषधांच्या दुकानात बघा. मिळाली. पूड मिळाली. म्हणजे ठेचायचे कष्टही वाचले.

३० जानेवारी, रविवार, दुपार

एक तांत्रिक प्रश्न. पाककृतीत आकडा दहा. पूड मोजता येत नाही. म्हणून दहा चमचे. आमटीचा रंग गंभीर आला.

पाहुणे जेवले. कृष्णनाथबाब म्हणाले, चव वेगळीच आहे. मी म्हटले, ही प्रमाण पाककृती. त्यानंतर कोणी ताटात टाकले नाही. शुद्धतेपुढे सगळे नम्र होतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बैठक पूर्ण होऊ शकली नाही.

'मातृभाषा आणि आपण' यावर बोलताना कृष्णनाथबाब मध्येच उठले आणि 'खंय, खंय?' एवढेच म्हणाले. मी संडासाचे दार दाखवले. पाठोपाठ दुसरे सभासद गेले आणि बंद दारावर थापा मारत, 'बेगीन भायर सरात' अशी विनवणी करू लागले. तिसरे बाल्दी घेऊन माडांकडे धावले. तीन विद्वान, आणि ऐन वेळी एकाच्याही तोंडून मराठीचा शब्द नाही. या मंडळाचे कठीण आहे.

मी स्वतः कमीच खाल्ले होते, यजमान म्हणून. तरीही लिहिणे इथेच थांबवतो.

३१ जानेवारी

मालती आली. ओट्यावरची पुडी उचलून तिने मोठ्याने वाचले, 'कोठा साफ ठेवते'. मग पडद्यावर वाचले. मग आदोळीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मी समजावले, एवढे मनावर घेऊ नकोस. तेव्हा कळले की हसतेय. हसू आवरल्यावर विचारले, 'तेफळां दोळ्यांनी केन्ना पळयल्यांत?'

पंचवीस वर्षे बघतोय, ताटाच्या कडेला, असे म्हणणार होतो. 

३ फेब्रुवारी

रामचंद्र मास्तर अध्यक्ष. मंडळाच्या पत्रात मला शुभेच्छा, आणि माझ्या प्रकृतीची चौकशी. पद मला नकोच होते. यंत्राला वेळ देता आला नसता.

६ फेब्रुवारी, रविवार

यंत्र हॉलमध्ये हलवले. भरणी फळीवर परत. पाव थंड होते.

मालती मासळी घ्यायला गेली, तेवढ्यात आदोळीवर बसलो. गुडघे कुरकुरले, अंगठा एकदा लागला. अर्धा नारळ चांगला निघाला, उरलेला जाडाभरडा. ताटली झाकून ओट्यावर ठेवली. तिने आल्यावर झाकण उचलून पाहिले, पुन्हा ठेवले, आणि मिक्सर लावला.

दुपारी हुमण होते.