झाकलेल्या हँडलबाबत माझी शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारी, हवाईछत्र्या घडी घालून भरण्याचं काम करणारी बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे.

कलम १. राहतं घर, शिवणयंत्र आणि बँकेत असेल नसेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला, ठमीला. जावेने माझ्या शालींवर डोळा ठेवू नये.

कलम २. विंगसूटच्या, म्हणजे उडी मारायच्या पंखवाल्या पोशाखांच्या, दुकानातला माझा अर्धा हिस्सा धाकट्या दिराला, पण अटीवर. अटीचं कारण आधी सगळ्यांनी ऐकावं.

माझे यजमान त्यानेच शिवलेला सूट घालून विमानातून उडाले. मुख्य छत्री गुंतली. अशा वेळी छातीवरचं हँडल ओढलं की राखीव छत्री उघडते. यांचा हात तिथे गेला, पण हाताला लागलं नुसतं कापड. सापडले तेव्हा ते कापड नखांनी ओरबाडलेलं होतं. सूट रुबाबदार दिसावा म्हणून दिराने छातीवर रुंद पट्टी लावली होती. हात खाली असताना हँडल उघडं दिसतं. पंख पसरले की पट्टी ताणून त्यावर येते. आणि दुकानातली कपडे घालून बघायची खोली इतकी अरुंद, की तिथे कोणी हात पसरतच नाही! वर हा शहाणा मयताच्या दारात मला सांगतो, "वहिनी, दादा घाबरला असणार." अरे, जन्मभर आभाळातून उड्या मारणारा माणूस घाबरला, आणि तुझी पट्टी तेवढी साधीभोळी? चोराच्या उलट्या बोंबा!

कलम ३. अट अशी की, माझ्या पश्चात दिराने प्रत्येक सुटाची ती पट्टी कापावी, त्या खोलीची भिंत पाडावी, आणि गिऱ्हाइकांसमोर सूट घालून, हात पसरून, डोळे मिटून हँडल धरून दाखवावं.

इथवर ठमीला वाचून दाखवलं. ती सूट आणि छत्री अंगावर चढवून बघत होती.

"आई, हे सगळं तू गेल्यावर ना? मी तर उद्याच उडी मारतेय. काकाने नवाकोरा सूट दिलाय."

"हात पसर," मी म्हटलं.

तिने पसरले. हँडल गायब.

कलम ३ रद्द. मेल्यावर करायचं काम नव्हे हे. इतके दिवस माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. ठमीची पट्टी मी तिच्या अंगावरच कापली आणि साक्षीदारांना घेऊन तडक दुकानात आले. पुढचं इथेच लिहीत आहे.

कलम २ मधला हिस्सा आता बिनशर्त ठमीला. दीर समोर थयथयाट करतोय, "वहिनी, मालाचं वाटोळं करताय! त्यातला अर्धा माझा आहे!"

असेल. कुठला अर्धा, ते सगळे सूट कापून झाल्यावर ठरवू.

स्थळ: दुकान, चिंध्यांच्या ढिगाशेजारी.
दिनांक: ठमीच्या उडीचा आदला दिवस.
सही: (ठमीची आई)
साक्षीदार: १. विमान चालवणारी बाई. सूट ताणून धरते आहे.
२. शेजारचा चावीवाला. भिंत पाडून झाली की सही करेल.