घोडागाडीवरची उडी

१४ मे १९५३, लोन पाइन, शूटिंगचा तळ

क्लीट पडला! माझ्या जागी घोडे पळवणारा, उड्या मारणारा क्लीट. मांडीचं हाड मोडलं. दिग्दर्शक हार्लन म्हणाला, "दुसरा माणूस परवडत नाही. धावत्या गाडीवरून घोड्यावर उडी तूच मारायची, लाइल."

मी हसलो. मग घोड्यांपासून लांब जाऊन उभा राहिलो.

१५ मे

अकरा सिनेमांत काउबॉय झालो. घोड्यावर नुसता बसलो, तेही कुणीतरी लगाम धरलेला असताना! पळवला दुसऱ्यांनीच. मी कधी पडलो नाही, कुठल्या घोड्याने लाथ मारली नाही. तरी जवळ जायची वेळ आली की दोन पावलं मागे सरतो.

विल्माला फोन केला. बायकोपासून काय लपणार! म्हणाली, "तुझा तो या सिनेमातला जुगारी पत्ते टाकून शेती करायला निघालाय ना? तो शहाणा. तूही ये घरी. बागेतले पीच पिकायला लागलेत."

घरी जाऊन तोंड काय दाखवू?

१६ मे

ताट तसंच परत पाठवलं. उद्या ती उडी.

१७ मे, सकाळ

सांगून टाकलं, सगळ्यांसमोर! "मी नाही उडी मारणार. मला भीती वाटते."

मागून कुणीतरी घोड्यासारखा खिंकाळला. हसून हसून लोळले सगळे मेले! हार्लनने माझा जुगाऱ्याचा कोट ओढून घेतला आणि स्वतःच चढवला. "पाठमोरा कोण ओळखतोय? जुगारी कशी उडी मारतो, बघ तरी!"

विनवलं त्याला – नको रे. ऐकलं नाही. तिकडे गाडीला घोडे जुंपतायत.

१८ मे

काल वळणावर चाक निखळलं. गाडी उलटली, हार्लन खाली सापडला. आमचा एकुलता एक ट्रक फिल्म आणायला लांब गेलेला. ज्यांना घोडा येतो ते सगळे गाडी उचलून धरून होते. हात रिकामे फक्त माझे.

डॉक्टर आणायला घोड्यावरून मीच गेलो. लगाम कसला – मानेलाच मिठी मारली! गाव येईपर्यंत ओरडत होतो.

डॉक्टर म्हणाले, हार्लन जगेल.

गावात उतरलो तेव्हा पाय धरेनात. घोड्याला टेकून तसाच उभा राहिलो. तोही थरथरत होता.