पडद्यावर सिद्धाराम

केज,
१४ मार्च २००१

प्रिय वैष्णवी,

तुझं पत्र मिळालं. बँकांतल्या कॉम्प्युटरच्या चोऱ्या कशा शोधायच्या हे तू आता पुण्यात पोलिसांना शिकवतेस, हे वाचून शाळेतली तू आठवलीस. गणित अडलं की मास्तर तुलाच फळ्याकडं बोलवायचे. आमच्या शाखेत नेमकं काय झालं असं तू विचारलंयस. सांगते, पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे.

आमचे हे, सिद्धाराम, याच बँकेत कॉम्प्युटरवर होते. दिवाळीनंतर चौसाळ्याजवळ जीप उलटली, त्यात ते गेले. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. जानेवारीत त्यांच्या जागी मला घेतलं. बंकट म्हणून त्यांचे जोडीदार आहेत, त्यांनी मला हाताला धरून मशीन शिकवलं. आठवडाभरातच शाखेत एक फोन आला. मुख्य कचेरीतून बोलतोय म्हणाला, आवाज फार अदबीचा. "वहिनी, साहेबांचं नाव मशीनमधून काढायचंय. पासवर्ड तेवढा सांगा." तो शब्द म्हणजे आमच्या लेकीचं, शिवांजलीचं नाव. ह्यांच्यामागं तो मला एकटीलाच ठाऊक होता. मी सांगून टाकला.

त्यानंतर तीन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत मी एकटीच डबा खात होते. मुख्य कचेरीला जोडणारं ते फोनचं यंत्र आपोआप किंचाळलं. कामावर कोण कोण आहे त्याची यादी पडद्यावर असते. तिच्यात माझ्या नावाखाली इंग्रजी अक्षरं उमटली. सिद्धाराम.

घास हातातच राहिला. वीस मिनिटांनी नाव गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आलं. वैष्णवी, मला भीती वाटायला हवी होती. मी मात्र केस नीट करून मशीनसमोर बसायला लागले. एका मशीनवरून दुसऱ्यावर चार शब्द पाठवता येतात, हे बंकटभाऊंनी दाखवलं होतं. पाचव्या दिवशी मी लिहिलं, शिवांजलीला ताप आलाय. मग अक्षर अक्षर करत उत्तर आलं, काळजी घे. कुणाला सांगू नको.

मी नाही सांगितलं. रोज लिहीत राहिले. पोरीचं, सासूबाईंचं, घराच्या पत्र्याचं. उत्तर दोन शब्दांचं यायचं, पण यायचं. अकराव्या दिवशी मी विचारलं, तुमाला तिथं थंडी वाजती का? उत्तर आलं, नाही वहिनी.

ह्यांनी मला उभ्या जन्मात वहिनी म्हटलं नव्हतं. फोनवरचा तो अदबीचा आवाज कानात वाजायला लागला. मी मशीनचं बटण बंद केलं आणि संडासात जाऊन तोंड दाबून रडले. नाव पुन्हा कधी आलं नाही.

पुढच्या सोमवारी छबुबाई नावाची म्हातारी पैसे काढायला आली. खात्यात काहीच नव्हतं. "मी अंगठाच लावला न्हाई, तर पैसे गेले कावून?" म्हणत ती काउंटरपाशीच खाली बसली. तिच्यासारखी चाळीस खाती निघाली, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली. फौजदार आले. "कुलूप तुटलं न्हाई, माणूस आत आला न्हाई, मग चोरी लिहू कशी?" कॉम्प्युटरच्या चोरीचा नवा कायदा झालाय एवढंच त्यांना ऐकून माहीत, त्याचं पुस्तक ठाण्यात आलं नव्हतं. मशीन ज्याला येतं तोच चोर, म्हणून बंकटभाऊंना धरून नेलं. तीन आठवडे झाले. त्यांची बायको समोरून गेली की मी फायलीत डोकं घालते.

पासवर्ड अजून कुणाला माहीत होता, असं मला जबाबात विचारलं. मी म्हटलं, कुणालाच नाही. मेलेल्या नवऱ्याशी बोलत होते, हे चार पुरुषांपुढं कोणत्या तोंडानं सांगू? मागच्या पत्रात मी सहज म्हणून विचारलं, तेव्हा मशीनवरचे असले निरोप मशीन साठवत नाही, असं तूच लिहिलंस. म्हणजे माझ्याशिवाय त्या निरोपांना साक्षीदार नाही. पण बाहेरून ज्या फोनवरून आमचं मशीन जोडलं त्याची नोंद टेलिफोनवाल्यांकडं असते, वेळ नेमकी कळली तर नंबर काढता येतो, हेही तूच लिहिलंस. म्हणून अकरा दिवसांच्या तारखा आणि वेळा मागच्या पानावर लिहिल्यात. एकही चुकलेली नाही, मी त्या वेळांची वाट बघत असायचे. वैष्णवी, हे पत्र तुझ्यापाशी ठेवू नकोस. जसंच्या तसं, माझ्या सहीसकट, तू शिकवतेस त्या पोलीस साहेबांच्या हातात दे. हाच माझा खरा जबाब.

तुझीच,
कावेरी